भित्तिपत्रकासाठी आपल्या रानातले प्राणी : ओंकारला पत्र

गुहागर, जि. रत्नागिरी

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वन्यजीव सप्ताहासाठी, म्हणजे १ ते ७ ऑक्टोबरसाठी, तुमच्या वर्गाने प्राण्यांच्या गमतीजमतींचे भित्तिपत्रक तयार करायचे ठरवले आहे आणि मजकूर जमवण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली यादीही मी लक्षपूर्वक वाचली. जिराफाची उंची, चित्त्याचा वेग, निळ्या देवमाशाचे वजन, शहामृगाचे अंडे हे सारे तू बरोबर लिहिले आहेस. तरीही ती यादी मला अपुरी वाटते आणि त्याची कारणे दोन आहेत. त्यातली प्रत्येक गोष्ट आकड्यापाशी येऊन थांबते. अमुक प्राणी सर्वांत उंच आणि तमुक सर्वांत वेगवान एवढे कळते. पण तो तसा का आहे आणि त्या वेगळेपणाचा त्याला उपयोग काय होतो, हे विचारायचे राहून जाते, आणि खरी गंमत तर त्या प्रश्नापासून सुरू होते. दुसरे कारण असे की, सह्याद्रीत किंवा विदर्भाच्या जंगलांत आज आढळणारा एकही प्राणी तुझ्या यादीत नाही. तुमच्या वसतिगृहातली मुले कोकणातून, मावळातून, यवतमाळहून, चंद्रपूरहून आलेली आहेत. त्यांना आपापल्या गावाजवळचा प्राणी भिंतीवर भेटला, तर ती तिथे अधिक वेळ थांबतील, असे मला वाटते.

जिराफ मात्र यादीतून काढू नकोस, कारण त्याच्याकडून थेट सह्याद्रीत उतरता येते. त्याची मान माणसाच्या उंचीएवढी लांब असते, असे तू लिहिले आहेस. आता पुढचा प्रश्न विचार : एवढ्या लांब मानेत मणके किती असतील? उत्तर आहे ७. तुझ्या मानेतही सातच मणके आहेत, उंदराच्या मानेतही सात आणि देवमाशाच्या मानेतही सात. अगदी थोडे अपवाद सोडले, तर सस्तन प्राण्यांमध्ये हा आकडा बदलत नाही. जिराफाच्या मानेत जास्तीचे हाड आलेले नाही, असलेला एकेक मणकाच वीतभर लांब झालेला आहे. या जिराफाच्या शेजारी आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचे, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याचे, चित्र काढ. पिसोरी खांद्यापाशी जेमतेम एक फूट उंच भरते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असतात, आणि नराला शिंगांऐवजी वरच्या जबड्यात बारीक सुळे असतात. ती रात्री हिंडते आणि धोका जाणवला की पाचोळ्यात निश्चल उभी राहते, त्यामुळे जंगलात वर्षानुवर्षे वावरणाऱ्यांनाही ती क्वचितच दिसते. तिच्या त्या इवल्याशा मानेतही सातच मणके असतात. दोन्ही चित्रांखाली फक्त ७ हा आकडा मोठ्या अक्षरात लिही आणि उत्तर वर्गातल्या मुलांनाच शोधू दे.

तू पुण्यात राहतोस, तेव्हा शेकरूला भित्तिपत्रकात चांगली जागा द्यायला हवी. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि ज्या भीमाशंकरच्या जंगलामुळे तो प्रसिद्ध झाला, ते जंगल पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. तिथे १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. शेकरू ही खारच आहे, पण अंगणातल्या खारीच्या कितीतरी पट मोठी. शेपटीसह तिची लांबी जवळजवळ एक मीटर भरते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शेपटीचा असतो. एवढी मोठी शेपटी बाळगण्याचे कारण तिच्या राहणीत आहे. शेकरू जमिनीवर सहसा उतरतच नाही. तिचे खाणे, झोपणे, पिल्ले वाढवणे हे सारे झाडांच्या शेंड्यांवर चालते आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती २० फुटांपर्यंतची झेप घेते. फळ खाताना ती मागच्या पायांनी फांदी पकडून आडवी बसते. एका बाजूला डोके आणि पुढचे पाय, दुसऱ्या बाजूला खाली लोंबणारी शेपटी, अशी तिची रचना होते, आणि शेपटीच्या वजनामुळे तोल सांभाळला जाऊन पुढचे दोन्ही पाय फळ धरायला मोकळे राहतात. तिचे काटक्या-पानांचे गोल घरटे फांद्यांच्या बारीक टोकांकडे असते, कारण तिथवर जाऊ पाहणाऱ्या जड शिकाऱ्याला ती फांदी पेलत नाही. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधते. यावरून एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल : झाडांचे शेंडे एकमेकांना जवळ असतील, तरच शेकरूचा रस्ता चालू राहतो. मधली झाडे तोडून मोकळी पट्टी तयार झाली, तर आपल्याला ती वाट वाटते, पण शेकरूसाठी तिथे वाट संपते. हे वाक्य तू जसेच्या तसे घेतलेस, तरी माझी हरकत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. साळिंदर शत्रूवर काटे फेकून मारते, असे लिहू का, असे तू विचारले आहेस. लिहू नकोस. ही गोष्ट खेडोपाडी सर्वत्र सांगितली जाते, पुष्कळ मोठी माणसेही ती खात्रीने सांगतात, पण ती खरी नाही. साळिंदराचा काटा म्हणजे जाड आणि टणक झालेला केसच असतो. आपण केस फेकू शकत नाही, तसे साळिंदरही काटा फेकू शकत नाही. प्रत्यक्षात जे घडते, ते मात्र फेकण्याहून अधिक मनोवेधक आहे. वाघ किंवा बिबट्या समोर आला की साळिंदर आधी इशारा देते. ते सगळे काटे उभारते, पाय आपटते आणि शेपटी हलवते. शेपटीचे काटे पोकळ असल्यामुळे त्यांचा खुळखुळ असा आवाज होतो. एवढ्यानेही शत्रू मागे हटला नाही, तर साळिंदर त्याच्याकडे पाठ करते आणि वेगाने उलटे धावत त्याच्या अंगावर जाते. काटे मुळाशी सैल असतात, त्यामुळे ते शत्रूच्या पंजात किंवा तोंडात रुतून तिथेच राहतात. हे सारे अंधारात क्षणार्धात घडत असल्याने, ज्याने केवळ काटे रुतलेला प्राणी पाहिला, त्याला ते फेकल्यासारखे वाटले असावे. असे काटे पंजात राहून जखमा चिघळतात आणि वाघासारख्या बलाढ्य प्राण्यालाही शिकार करणे अशक्य होऊन बसते. साळिंदराची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे काटे मऊ असतात. ते नंतर कडक होतात. तसे नसते, तर आईची काय अवस्था झाली असती, याचा तूच विचार कर.

साळिंदराची आणखी एक सवय आहे, आणि तिच्यामुळे तुला शिंगांविषयीही लिहिता येईल. साळिंदर कंदमुळे आणि साली खाणारे असले, तरी जंगलात पडलेली हाडे आणि हरणांची गळलेली शिंगे कुरतडते. त्यातून त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळते. शिंगे गळतात कशी, हा प्रश्न यावर येईलच. चितळ आणि सांबर यांच्या नरांची फाटेदार शिंगे संपूर्ण हाडाची असतात. ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि त्यांच्या जागी मखमली कातडीत गुंडाळलेली नवी शिंगे वाढू लागतात. काळवीट, चिंकारा आणि गवा यांची शिंगे मात्र जन्मभर टिकतात, कारण त्यांची रचनाच वेगळी असते : आत हाड आणि बाहेर केराटिनचे आवरण. केराटिन म्हणजे ज्याची आपली नखे आणि केस बनतात, ते द्रव्य. साळिंदराचा काटाही त्याचाच. याच दुसऱ्या गटात आपल्या राज्यातल्या जंगलांतही आढळणारा चौसिंगा मोडतो. त्याच्या नराला शिंगांच्या दोन जोड्या असतात, मागची मोठी आणि कपाळावरची छोटी. रानात राहणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये चार शिंगे असणारा जगात दुसरा प्राणी नाही. चित्त्याच्या वेगाइतकीच ही विशेष गोष्ट आहे, पण ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

केराटिनचा विषय निघालाच आहे, तर खवले मांजराबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्राण्यांमध्ये मला त्याचीच सर्वाधिक काळजी वाटते. मांजराशी त्याचे काहीही नाते नाही. अंगावर खवले असणारे सस्तन प्राणी जगात तेवढेच, आणि ते खवलेही केराटिनचेच असतात. त्याला एकही दात नाही. नाकाने हुंगून ते वारूळ शोधते, पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी फोडते आणि चिकट लाळ असलेली लांबलचक जीभ आत सारून वाळवी आणि मुंग्या टिपते. ही जीभ इतकी लांब असते की, तिचे मूळ घशात न राहता थेट छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या टोकाशी जाऊन पोहोचते. मुंग्या चावू नयेत म्हणून खाताना ते नाकपुड्या आणि कान मिटून घेऊ शकते. दात नसल्याने अन्न दळण्याचे काम पोटावर येते; गिळलेले बारीक खडे आणि जठराचे जाड स्नायू ते काम करतात. चालताना पुढच्या नख्या झिजू नयेत म्हणून त्या आत दुमडून ते पंजाच्या कडेवर चालते. मादीला साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून प्रवास करते. संकट आले की आई पिल्लाला पोटाशी घेऊन स्वतःला गुंडाळून घेते आणि बाहेर फक्त धारदार कडांचे खवले उरतात. हा बंदोबस्त बिबट्यासाठी पुरेसा आहे. माणसासाठी मात्र तो अजिबात पुरेसा नाही, कारण गुंडाळून स्वस्थ पडलेला प्राणी माणसाला नुसता उचलून पोत्यात घालता येतो.

आणि तेच घडत आले आहे. खवल्यांपासून औषध बनते, खवले घरात ठेवले की पैसा येतो, अशा समजुतींपायी या गरीब प्राण्याची चोरटी शिकार होते आणि खवले देशाबाहेर विकले जातात. ज्या द्रव्याची आपली नखे बनतात, त्याच द्रव्याच्या खवल्यांत रोग बरा करण्याचा गुण येणार कुठून, एवढा साधा प्रश्न विचारणारे कुणी घरोघरी असते, तर पुष्कळ जीव वाचले असते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवले मांजराला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण आहे, आणि २०१६ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खवले मांजरांच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. साळिंदराविषयीचा गैरसमज फारसा कुणाचे नुकसान करत नाही. हा गैरसमज प्राणी मारतो. म्हणून भित्तिपत्रकावर कोणतीही गोष्ट चढवण्यापूर्वी ती कुणी पाहिली आहे आणि ती शरीराच्या रचनेत बसते का, हे दोन्ही तपासून घे. बसत नसेल, तर ती कितीही गमतीची असली, तरी सोडून दे.

चंद्रपूरच्या तुझ्या मित्रासाठी ताडोबाच्या बाजूचे थोडे सांगते. त्याने वाघ पाहिला आहे, असे तू लिहिले होतेस. त्याला विचार की, वाघ येण्यापूर्वी त्याने काय ऐकले. वानर झाडावर बसून पाने आणि फळे खाताना पुष्कळशी खाली टाकतात आणि चितळ ती खायला झाडाखाली गोळा होतात. या सोबतीत दोघांचाही लाभ आहे. उंचावर बसलेल्या वानराची नजर दूरवर जाते, तर जमिनीवरच्या चितळाचे नाक आणि कान तीक्ष्ण असतात; दोघांपैकी ज्याला आधी वाघाची चाहूल लागते, तो ओरडून इशारा देतो आणि दुसरा तो इशारा बरोबर ओळखतो. जंगलातले वाटाडे वाघ शोधतात ते बहुधा हे आवाज ऐकूनच. मग वाघाचा केशरी रंग हरणांना दुरूनच का दिसत नाही, असा प्रश्न तुला पडेल. हरणांच्या डोळ्यांना तांबडा आणि हिरवा हे रंग आपल्यासारखे वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्याला उठून दिसणारा वाघ त्यांना गवताच्याच रंगाचा दिसतो आणि काळे पट्टे त्याची आकृती मोडून टाकतात. हे पट्टे केवळ केसांवर नसून कातडीवरही असतात, आणि दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. त्यामुळेच जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून वाघांची मोजणी करता येते.

वाघाच्या बळाविषयी सगळेच लिहितात. तू त्याच्या चालण्याविषयी लिही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याने टिपेश्वर सोडले आणि महाराष्ट्र व तेलंगणातल्या अनेक जिल्ह्यांतून, शेते, ओढे, रस्ते ओलांडत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याने केलेली एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली आणि ‘वॉकर’ याच नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला. तो का निघाला असेल? नर वाघ वयात आला की त्याला स्वतःचा प्रदेश, पुरेसे भक्ष्य आणि मादी यांचा शोध घ्यावा लागतो. जन्मलेल्या जंगलात मोठ्या नरांनी जागा आधीच व्यापलेली असते. वर्गातल्या नकाशावर टिपेश्वर आणि ज्ञानगंगा ही दोन ठिकाणे शोधून त्यांच्यामध्ये आज काय काय आहे, हे पेन्सिलीने लिहून काढा. त्या नकाशातून मुलांना जे समजेल, ते मी पत्रात सांगून समजणार नाही.

ताडोबातच रानकुत्रे आहेत. ते भुंकून एकमेकांना हाका मारत नाहीत. दाट झाडीत कळप पांगला की ते शीळ घालून पुन्हा एकत्र येतात. शिकार झाली की लहान पिल्लांना आधी खाऊ दिले जाते आणि मोठे बाजूला थांबतात. ‘क्रूर’ हा शब्द त्यांच्यासाठी फार सहज वापरला जातो. तो तू वापरू नयेस, अशी माझी इच्छा आहे.

अस्वलाविषयी एवढेच लिही की, वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतात आणि ही उणीव त्याच्या उपयोगाची आहे. वारूळ फोडल्यावर ते आधी फुंकर मारून माती उडवते, मग नाकपुड्या मिटते, लांब ओठ पुढे काढते आणि त्या फटीतून धूळ ओढणाऱ्या यंत्रासारखी वाळवी आत ओढून घेते. हा आवाज शंभर मीटरपलीकडेही ऐकू जातो. आई पिल्लांना कित्येक महिने पाठीवर बसवून हिंडवते. तिच्या पाठीवरचे लांब राठ केस पिल्लांना घट्ट धरून बसायला उपयोगी पडतात.

तरसाबद्दल तू पत्रात लिहिले आहेस की, तो माणसासारखा हसतो. हसल्यासारखा आवाज काढणारा तरस आफ्रिकेतला, ठिपक्यांचा. आपल्याकडचा तरस पट्ट्यांचा असतो आणि तो बहुतेक वेळ मुकाच राहतो. तो दिसायला कुत्र्यासारखा असला, तरी त्याचे कूळ मांजर आणि मुंगूस यांच्या जवळचे आहे. त्याचे जबडे हाडे फोडतात आणि पोट ती पचवते, म्हणूनच त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. मेलेली गुरे आणि वाघ-बिबट्यांनी सोडलेले अवशेष तो संपवतो. घाबरला की पाठीवरची आयाळ उभारून तो आपला आकार मोठा करून दाखवतो, आणि अगदीच कोंडीत सापडला, तर मेल्याचे सोंगही घेतो. ओसाड माळावर रात्री एकट्याने हिंडणाऱ्या या प्राण्याविषयी भुताखेतांच्या गोष्टी जोडल्या गेल्या, त्यात त्याचा काहीच दोष नाही.

शेवटी आपल्या किनाऱ्याकडे येते, आणि इथे मी थोडी अधिक जागा मागणार आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात कोकणच्या वाळूत अंडी घालायला येतात, हे तुला ठाऊक आहे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी हंडीच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळूने तो बुजवून आपल्या शरीराने दाबते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांना ती पुन्हा कधीच पाहत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, आणि पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या उष्णतेवर ठरते : वाळू गरम असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, हे वाक्य तू भूगोलात वाचतोस. कासवांच्या बाबतीत त्याचा अर्थ पिल्लांमध्ये नर कमी होत जाणे असा होऊ शकतो. वाळूतून वर आलेली पिल्ले जिकडे क्षितिज अधिक उजळ असेल, तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर ते उजळ क्षितिज समुद्राचेच असते. किनाऱ्यालगत विजेचे प्रखर दिवे लावले, तर पिल्ले त्या दिव्यांकडे वळतात आणि पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

एके काळी या अंड्यांपैकी फारच थोडी वाचत, कारण कोल्ही, कुत्री आणि माणसे घरटी उकरून अंडी नेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले. अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत ठेवायची आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची, हा तो क्रम. पुढे हे काम रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या अनेक किनाऱ्यांवर पसरले. एके काळी अंडी काढून नेली जात त्याच किनाऱ्यांवर आज गावातली माणसे पहाटे उठून घरटी शोधतात आणि राखतात, हे मला या साऱ्या प्राणिकथांपेक्षाही मोठे वाटते.

कासव समुद्रात गेल्यावर काय करते, हे मात्र बराच काळ कुणालाच सांगता येत नव्हते. २०२२ च्या आरंभी भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसवली. वेळासच्या किनाऱ्यावर पहिले यंत्र बसवलेल्या मादीचे नाव प्रथमा ठेवण्यात आले. इतरांमध्ये सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी होत्या. आणि आपल्या गुहागरची गोष्ट तर तुझ्या भित्तिपत्रकाच्या मध्यभागी यायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये इथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची खूणपट्टी आढळली आणि तिच्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. तो क्रमांक पाहिला असता, ही खूणपट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली असल्याचे निघाले. म्हणजे तीच मादी बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात आली असावी. हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर मानले जाते. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी राहतात, अशी तोवर समजूत होती. एका छोट्या पट्टीवरच्या पाच आकड्यांनी त्या समजुतीविषयी मोठा प्रश्न उभा केला. ज्याने २०२१ मध्ये ती पट्टी लावून वहीत क्रमांक नोंदवला आणि ज्याने इथे तो वाचून कळवला, त्या दोघांच्याही काळजीपूर्वक कामामुळे हे समजले. तू स्वतः नोंदवही ठेवतोस, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

चित्रे कोण काढणार आहे, ते तू कळवले नाहीस. जो काढील, त्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेव. साळिंदराचे लांब काटे पाठीच्या मागच्या भागावर दाट काढावेत. डोक्यापासून मानेपर्यंत राठ केसांची आयाळ असते. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच असतात, त्यामुळे पाठ मागे उतरती दिसली पाहिजे. चितळाच्या मादीला शिंगे काढू नयेत. अस्वलाच्या छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी फिकट खूण असते. खवले मांजराच्या पोटावर आणि चेहऱ्यावर खवले नसतात, तिथे फक्त विरळ केस असतात. शेकरूच्या पाठीचा रंग तांबूस तपकिरी, पोट फिकट आणि शेपटीचे टोक पांढरट ठेवावे. कासवाचे पिल्लू हिरवे रंगवण्याचा मोह मुलांना होतो, पण ते गडद करडे असते. मजकूर तयार झाला की भिंतीवर लावण्यापूर्वी एक प्रत मला पाठव. मी तपासून उलट टपालाने परत करीन.

आजी आणि बाबा तुला आशीर्वाद सांगतात.

तुझी,
आई